फक्त तुम्हाला सांगतो

आमच्या कॉलेजातले जुने शिपाई नाना वारले, तेव्हा स्टाफरूममध्ये शोकसभा ठेवली होती. शोकसभेत कोण काय बोलणार हे ठरलेलं असतं. प्राचार्य संस्थेची हानी झाल्याचं सांगतात, ऑफिसमधले लोक नानांच्या हातच्या चहाची आठवण काढतात आणि मी मराठीची प्राध्यापक असल्यामुळे माझ्याकडून काहीतरी भावपूर्ण अपेक्षित असतं. आमचं सगळ्यांचं रीतसर उरकल्यावर अर्थशास्त्राचे थेटे सर उठले. नाना नोटिशीची वही घेऊन वर्गावर्गातून फिरायचे, एवढा धागा त्यांनी पकडला आणि बघता बघता ते देशातल्या दूरसंचार क्रांतीवर पोचले. मग तार, ट्रंक कॉल, कोपऱ्यावरचा पीसीओ, मोबाइल, इंटरनेट असा सगळा प्रवास झाला. नानांच्या जाण्याने राष्ट्रीय अर्थव्यवस्थेतली माहितीची एक वाहिनी बंद पडली आहे, असं म्हणून ते खाली बसले.

आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. नानांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिला त्यातलं बहुधा इतकंच समजलं, की आपला नवरा देशासाठी काहीतरी मोठं काम करत होता. ती पदराने डोळे पुसायला लागली. माझ्या भावपूर्ण भाषणाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, हे मला चांगलंच लागलं.

थेटे सरांचा हा एकच विषय. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात शेवटचं प्रकरण होतं, 'राष्ट्रीय अर्थव्यवस्थेत माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाची भूमिका'. शेवटचं प्रकरण परीक्षेत पर्यायाला टाकायचं, ही आमच्याकडची जुनी परंपरा. सर मात्र जूनमध्ये तेच पहिलं काढायचे आणि दिवाळीपर्यंत त्यातच असायचे. शेती, उद्योग, बँका हे त्यांच्या लेखी त्या प्रकरणाचे पोटभाग. देश गरीब आहे तो माल कमी पडतो म्हणून नव्हे, तर माहिती उशिरा पोचते म्हणून, असं ते खडू उंच धरून सांगायचे. ज्याला आधी कळतं तो व्यापारी, ज्याला उशिरा कळतं तो शेतकरी आणि ज्याला कधीच कळत नाही तो आपला विद्यार्थी, हे वाक्य दरवर्षी ठरलेलं. मुलंही दरवर्षी ठरल्यासारखी हसायची.

तंत्रज्ञानाचं आणि सरांचं प्रत्यक्षात मात्र कधी जमलं नाही. कॉलेजात स्मार्ट बोर्ड यावा म्हणून ते संस्थेशी दोन वर्षं भांडले. बोर्ड आला, नारळ फुटला आणि पहिल्याच तासाला सरांनी त्याच्यावर साध्या पक्क्या शाईच्या मार्करने मोबाइलचा टॉवर काढला. स्पिरिट झालं, रॉकेल झालं, तो काही निघाला नाही. तेव्हापासून त्या वर्गात वनस्पतिशास्त्राच्या बाई फुलाचा उभा छेद दाखवू देत, नाहीतर इतिहासवाले रायगडाचा नकाशा, मधोमध एक टॉवर असायचाच. सरांना त्याचं वाईट वाटायचं की अभिमान, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

फोन ते कायम स्पीकरवर ठेवून बोलायचे. तोही तळहातावर आडवा धरून, तोंडासमोर आणि मोठ्याने. मी एकदा म्हटलं, सर, कानाला लावला तरी ऐकू येतं. त्यावर ते म्हणाले, आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? त्यामुळे थेटे वहिनींचा कुठला गुडघा दुखतो, संध्याकाळी जाताना कुठली भाजी न्यायची आहे आणि सरांच्या मेव्हण्याचं कुणाशी बिनसलंय, हे आख्ख्या स्टाफरूमला माहीत असायचं. वहिनींना हे कळल्यावर त्या फोनवर 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायला लागल्या.

सरांचं गाव वणीच्या अलीकडे, फाट्यावरून आत. वडील लवकर गेले, तेव्हा सर कॉलेजात होते आणि धाकटा दत्तू शाळेत. दोघांपैकी एकाने जमीन बघायची आणि एकाने शिकायचं, असं घरात ठरलं. ठरवताना दत्तूला कोणी विचारलं नव्हतं. तो दहावीतून उठला आणि बैलांमागे गेला, सर एम. ए. झाले आणि नाशिकला गंगापूर रोडवर राहायला आले. ही गोष्ट सरांनी मला एकदाच सांगितली, कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटरला किक मारता मारता. "मॅडम, मी इथे अर्थव्यवस्था शिकवतो आणि तो तिकडे ती चालवतो. माझ्या शिकण्याचा त्याला एकदा तरी उपयोग व्हायला पाहिजे."

दत्तूला मी दोन-तीनदा पाहिला होता. शिडशिडीत माणूस, बोलणं कमी, हसताना तोंडावर हात धरायची सवय. नाशिकला आला की कॉलेजात येऊन भावाच्या टेबलाखाली भाजीची पिशवी ठेवायचा आणि चहा न घेता निघायचा. एका पावसाळ्याच्या तोंडाशी तो असाच आला, पण लगेच गेला नाही. त्याची टोमॅटोची लागवड नुकतीच झाली होती. शेजारच्या खुर्चीत टेकून तो सरांना म्हणाला, "दादा, हे शेवटचं साल. पुढच्या टायमाला टमाटे लावायचे नाय. अंबडला एका कंपनीत गेटवर मानूस पाहिजे म्हनत्यात. पगार ठरलेला. तिथं लिलाव नाय."

भाऊ गेल्यावर बराच वेळ सर पिशवीतल्या दोडक्यांकडे बघत बसले. मग मला म्हणाले, ज्या माणसाने जमीन धरून ठेवली म्हणून मी प्राध्यापक झालो, तो आता कंपनीचं फाटक उघडणार आणि लावणार. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. त्या दिवशी त्यांनी मनाशी काय ठरवलं ते आम्हाला आठवड्याभरात समजलं, कारण त्यांनी माझ्याकडून नियमावलीचं शुद्धलेखन तपासून घेतलं.

गावातल्या टोमॅटोवाल्यांचा त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. नाव 'माहिती मंडळ'. त्यांच्या भागातला माल तीन ठिकाणी जायचा, वणी, पिंपळगाव आणि नाशिक. सकाळी खुडणी, दुपारी प्लास्टिकच्या जाळ्या भरून पिकअपमध्ये आणि मग फाट्यावर येऊन ठरवायचं, गाडी कुठे वळवायची. आजवर हे अंदाजाने चालायचं. बाजारातून परत येणारा ड्रायव्हर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबायचा आणि भाव सांगायचा तो आपल्या साडूला. साडू तो शेजाऱ्याला सांगेपर्यंत शेजाऱ्याची गाडी भलत्याच रस्त्याला लागलेली असायची. सरांच्या मते देशाच्या दारिद्र्याचं मूळ या टपरीवर होतं.

तिन्ही बाजारांत सरांचे विद्यार्थी होते. जे पास झाले ते नोकरीला लागले आणि जे नापास झाले ते बाजारात गेले, असं सर स्वतःच म्हणायचे. आडत्यांच्या गाळ्यांवर काम करणाऱ्या या मुलांनी पहिल्या लिलावांचा भाव सरांना फोनवर सांगायचा, सरांनी तो लगेच मंडळात टाकायचा आणि पिकअपवाल्यांनी फाट्यावर तो बघून गाडी वळवायची. यात आडत्या, साडू, टपरी कोणी मध्ये नाही. सगळ्यांना एकच माहिती आणि एकाच वेळी. सर हे सांगत असताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिले काही दिवस मंडळात नुसती फुलं आली. सुप्रभात, गणपती, उगवता सूर्य, कोणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस. सर प्रत्येकाला 'कृपया विषयाला धरून लिहावे' असं उत्तर द्यायचे, त्यावर लोक हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा उगवायचा. पण टोमॅटो खुडायचे तोडे सुरू झाले तसा मंडळात जीव आला. एका दुपारी दत्तूचा फोन आला आणि अर्थात आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. "दादा, तुझ्या त्या मोबाइलच्या कामानं आज लय फायदा झाला." सरांनी सगळ्या स्टाफला मिसळ खाऊ घातली. ग्रंथपालांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि अर्थव्यवस्थेला शुभेच्छा दिल्या.

मग एका सुट्टीच्या दिवशी सर मला आणि वहिनींना घेऊन पिंपळगावला निघाले. माहितीची ताकद मॅडमनी प्रत्यक्ष बघायलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. निघतानाच त्यांनी मंडळात टाकलं होतं, की पिंपळगावला आज लिलावाच्या पहिल्या पुकाऱ्याला चांगला भाव निघालाय. आम्ही पोचलो तेव्हा बाजाराबाहेर महामार्गापर्यंत पिकअपची रांग होती. सर गाडीतून उतरले आणि रांगेतल्या प्रत्येक ड्रायव्हरने त्यांना नमस्कार केला. सगळे त्यांच्याच गावचे. त्यांच्या मागे शेजारच्या गावांतले, कारण मंडळातल्यांनी तो मेसेज सासुरवाडीला पाठवला होता आणि सासुरवाडीने पुढे.

सर सुरुवातीला खूश होते. हे बघा, माहिती सगळ्यांपर्यंत पोचली, असं ते मला म्हणाले. रांग मात्र हलत नव्हती. आत लिलाव चालू होता आणि प्रत्येक पुकाऱ्याला भाव थोडा थोडा खाली येत होता. व्यापाऱ्यांना रांग दिसत होती, त्यांना घाई नव्हती. उन्हात जाळ्यांमधून रस गळायला लागला. वहिनींनी सरांना गाडीत येऊन बसायला सांगितलं, ते आले नाहीत. दत्तूचा नंबर लागला तोवर दिवे लागले होते आणि त्याचा माल ज्या भावाने गेला, त्याला भाव म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. तरी दत्तूने आम्हाला चहा पाजला.

तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सरांना गाठलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी आदराने बोलला. "सर, तुमची माहिती एकदम खरी हुती. आमी इथं येईस्तवर खरी हुती."

परतताना सर गाडी चालवत होते. नाशिकचे दिवे दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "चूक माहितीत नव्हती, मॅडम. ती सगळ्यांना एकदम मिळाली, ही चूक झाली." मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. इतकी वर्षं शिकवलेल्या प्रकरणात त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भोक दिसलं होतं. टपरीवरचं अज्ञान सगळा माल आपोआप तीन बाजारांत वाटत होतं आणि सरांनी ते अज्ञान दूर केलं होतं.

सर हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मंडळात नवा नियम काढला. नुसता भाव पुरत नाही, तर कोण कुठे जाणार हेही प्रत्येकाने आदल्या संध्याकाळी लिहायचं, म्हणजे गर्दी आधीच समजेल. लोकांनी नियम आनंदाने पाळला. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी वणी लिहिलं आणि दुसऱ्या दुपारी सगळे नाशिकला गेले. मग सगळ्यांनी नाशिक लिहिलं आणि पिंपळगावला गेले. आपण लिहिलंय ते वाचून बाकीचे दुसरीकडे जातील आणि आपल्याला रान मोकळं मिळेल, असा प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब, आणि तो सगळ्यांचा सारखाच. सरांना हे फार लागलं. माणूस आपला बेत खोटा का सांगेल, असं ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे. मी म्हटलं, सर, आमच्या सोसायटीतले लोक वणीच्या देवीला निघाले तरी शिर्डीला चाललोय असं सांगतात, कोणी गाडीत जागा मागू नये म्हणून. त्यांना ते पटलं नाही.

या गोंधळात हंगाम सरत आला. दत्तूचे शेवटचे तोडे राहिले होते आणि त्याने अंबडला जाऊन माप देऊन ठेवलं होतं, गणवेशाचं. हे वहिनींनी फोनवर 'हो' आणि 'नाही' सोडून पहिल्यांदा पूर्ण वाक्यात सांगितलं. सरांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. वणीहून त्यांच्या विद्यार्थ्याचा फोन आला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर. पोरगा घाईत होता. बाहेरगावचा एक व्यापारी आलाय, त्याला आज एक मोठी गाडी भरून न्यायची आहे, मागेल तो भाव देतोय, पण गाडी भरली की संपलं, असं त्याने सांगितलं. सर उठले. मग फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. दारातून मला दिसलं, की त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघत होते. आत येऊन ते खुर्चीत बसले आणि मंडळात मेसेज टाकला तो पुढचा तास शिकवून आल्यावर. त्यांचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला होता.

दत्तूचा त्या दिवशीचा माल सगळ्या हंगामात गेला नव्हता अशा भावाने गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. मंडळासाठी निवेदन लिहिलं होतं, शुद्धलेखन बघून द्या म्हणाले. लिहिलं होतं, 'काल वणीचा भाव मला वेळेत समजला होता. तो मंडळास न कळवता मी प्रथम माझ्या भावास कळवला. हा नियमांचा व आपल्या विश्वासाचा भंग आहे. मी मंडळाच्या जबाबदारीतून मुक्त होत आहे.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी म्हटलं, सर, कोणाला समजलेलं नाही, राहू द्या. ते म्हणाले, मला समजलंय ना. आणि त्यांनी पाठवून दिलं.

मग आम्ही उत्तरांची वाट बघत बसलो. सरांना वाटत होतं लोक शिव्या देतील. मलाही तसंच वाटत होतं. आधी अंगठे आले, मग जोडलेले हात, कोणीतरी पूर्ण न वाचताच भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मग सरपंचांनी लिहिलं, 'भाऊ हाय तो. त्याला नाय सांगनार तर कोनाला सांगनार.' त्यावर पुन्हा भरपूर अंगठे. आणि सगळ्यात शेवटी पिंपळगावच्या बाजारात भेटलेल्या त्या म्हाताऱ्याच्या नातवाच्या नंबरवरून आलं, 'आजोबा म्हनत्यात आता सर आपल्यातले झाले.'

ते वाक्य सर कितीतरी वेळ वाचत होते. "एवढी वर्षं मी गावाला समजावून सांगतोय," ते म्हणाले, "आणि गावाला मी पटलो तो आज." असं म्हणून ते हसले, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

राजीनामा कोणी स्वीकारला नाही. उलट त्या दिवसापासून सरांचा फोन थांबेना. प्रत्येकाचं बोलणं एकाच पद्धतीने सुरू व्हायचं. सर, ग्रुपवर नका टाकू, फक्त मला सांगा. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना नकार दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी मी वर्गावरून आले, तर सर फोन कानाला लावून हळू आवाजात कोणाला तरी सांगत होते, "फक्त तुम्हाला सांगतो, आज पिंपळगाव धरा." फोन ठेवला, पुन्हा वाजला. "फक्त तुला सांगतो, वणीला वळव." पुन्हा वाजला. पुन्हा पिंपळगाव.

त्यांनी गाव तिन्ही बाजारांत वाटून टाकलं होतं. ज्याला एकट्याला सांगितलंय असं वाटायचं, तो चुलतभावालाही कळू द्यायचा नाही, सासुरवाडीची तर गोष्टच सोडा. फाट्यावर गाड्या गुपचूप तिन्ही रस्त्यांना लागायच्या आणि प्रत्येक ड्रायव्हर दुसऱ्याकडे बघून मनातल्या मनात हसायचा. कुठल्याच बाजारात रांग लागत नव्हती आणि भाव टिकत होता. मंडळ आता नुसत्या फुलांसाठी उरलं होतं आणि सरांनी विषयाला धरून लिहायची विनंती करणं सोडून दिलं होतं. सगळं गाव सुखी होतं. पुढच्या जूनमध्ये सरांनी ते प्रकरण पहिलं काढलं नाही. अभ्यासक्रमातल्या क्रमाने ते शेवटी आलं तेव्हा वेळ उरला नव्हता, त्यामुळे पर्यायाला टाकलं.

दत्तू अंबडला गेला नाही. सगळ्या गावाचं बरं चाललंय तर मीच कशाला गेटवर बसू, असं म्हणून त्याने पुन्हा टोमॅटो लावले. गणवेश शिवून तयार होता, तो कंपनीने दुसऱ्या कोणाला तरी दिला.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. काही महिन्यांनी ते गावी राहायला गेले आणि मी मुलीकडे पुण्याला आले, त्यामुळे मध्ये एकदा त्यांच्या नाशिकच्या घरी गेले होते ती आमची शेवटची भेट. टोमॅटोचा हंगाम होता. दुपारची वेळ, वहिनींनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं. जेवायचं ताट झाकून ठेवलेलं होतं. सर खिडकीशी बसून फोनवर बोलत होते, फोन कानाला, आवाज खाली. मला हाताने बसायला सांगून त्यांनी एकामागून एक सगळ्यांना वाटेला लावलं. कॉलेजात हजेरी घेताना ते इतके दमायचे नाहीत.

मधे जरा उसंत मिळाली तेव्हा मी विचारलं, सर, नाशिकला आज कोणालाच पाठवलं नाहीत. ते म्हणाले, नाशिकला आज भाव पडलाय. मग तिथे कोणी जाऊच नये, असं मी म्हटलं. सरांनी मान हलवली. उरलेल्या गाड्यासुद्धा बाकीच्या दोन्हीकडे घुसल्या तर तिथलाही भाव बसेल, त्यामुळे कोणीतरी जावंच लागतं, असं त्यांनी वर्गात सांगायचे तसं समजावून सांगितलं. आठवड्यातून एक-दोनदा असा दिवस येतोच. पण ज्याला 'फक्त तुम्हाला' म्हणून पडलेल्या बाजारात पाठवलं, तो उद्या ऐकणार नाही. आणि भाव पडलाय हे आधीच सांगितलं, तर तो जाणार नाही.

"मग कोणाला पाठवता?"

सर फोनमध्ये नंबर शोधायला लागले. तो कोणाचा हे मला कळलं आणि मला त्यांचा राग आला, हे स्पष्टच सांगते. त्या माणसाला एकदा कोणी न विचारता बैलांमागे पाठवलं होतं, तेवढं पुरे नव्हतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तोवर त्यांनी नंबर लावला होता.

"दत्तू, गाडी भरली का?" ते म्हणाले. "तू आज नाशिकला ये."

पलीकडचं ऐकता ऐकता सर गावच्या बोलीवर आले.

"नाय, भाव नाय इथं. लय पडलाय." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "व्हय. समद्यांत कमी इथंच हाय. म्हनून तुला सांगतोय."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांनी दत्तूचं म्हणणं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"येतोच आहे तर वहिनीला मेथी आणू का, म्हणाला."